छत्तीस खुंट्यांची वाघर

मित्रांनो, मी एक जुना लूम आहे. लूम म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे खडखडणारा मोठा माग येईल. तसा मी नाही. मी निळ्या प्लास्टिकचे एक गोल कडे आहे, जेवणाच्या ताटाएवढे. माझ्या अंगावर छत्तीस खुंट्या उभ्या आहेत. त्यातली शेवटची थोडी वाकलेली आहे. ज्यांना दोन सुयांवर विणता येत नाही, अशा नवशिक्या माणसांना लोकरीची टोपी विणता यावी म्हणून मला घडवले. माझ्या बुडाला एक लहानसा लाल बाणही चिकटलेला आहे. तो मात्र माझ्या जन्माच्या वेळी नव्हता.

आपले आयुष्य सांगताना बहुतेक जण आपण काय काय सोसले ते सांगतात. मी फारसे काही सोसलेले नाही. मला फक्त एका गोष्टीची लाज वाटते, आणि ती कोणाला तरी सांगायची आहे.

एका कारखान्यात निळे दाणे वितळवून साच्यात ओतले गेले आणि मी तयार झालो. आम्ही चार भाऊ एकाच खोक्यात होतो. सर्वांत धाकटा बाळाच्या टोपीचा. मी मोठ्या माणसाच्या टोपीचा. माझी एकही खुंटी दुसरीपेक्षा केसभर उंच नव्हती. याचा मला फार गर्व होता. जगात सगळे असेच एकसारखे असावे असे मला वाटे.

पार्सलने मी कारेगावला आलो. तिथे एका भाड्याच्या खोलीत प्रगती राहत असे. ती रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत तपासणीच्या टेबलावर होती. समोर आलेला सुटा भाग उचलायचा, उजेडाकडे तिरका धरायचा, कुठे चरा किंवा बुडबुडा दिसला की त्यावर लाल बाणाचे स्टिकर लावायचे आणि तो भाग लाल क्रेटमध्ये टाकायचा. आठ तास हेच काम. तिची नजर इतकी तयार झाली होती की बसमध्ये समोरच्याच्या शर्टाचे निसटलेले बटण तिला आधी दिसे आणि माणूस नंतर. मला हातात घेतल्यावरही तिने आधी माझ्या सगळ्या खुंट्या अंगठ्याने चाचपल्या. मी पास झालो.

माझ्यावर विणणे अवघड नाही. लोकरीचे टोक बाजूच्या खिळीला अडकवायचे. मग एकेका खुंटीला एकेक वेढा देत पूर्ण फेर घालायचा. पुन्हा दुसरा फेर. आता प्रत्येक खुंटीवर दोन वेढे होतात. आकडीने खालचा वेढा उचलून वरच्यावरून पलीकडे सोडायचा. झाला सुलट टाका. फेर वाढत जातात तशी टोपी माझ्या पोटातून खाली उतरत जाते. नुसते सुलट टाके घातले तर कड गुंडाळली जाते, म्हणून सुरुवातीला काही फेर उलट टाक्यांचे घालतात. उलट टाक्यासाठी लोकर वेढ्याच्या खालून धरायची, आकडी वरून खाली घालायची, लोकर ओढून घ्यायची आणि तोच नवा वेढा खुंटीवर चढवायचा. सुलट टाका गुळगुळीत बसतो. उलट टाक्याचा बारीक उंचवटा येतो. हे दोन टाके आले की माणसाला टोपी आली.

प्रगतीने पहिल्या हिवाळ्यात नऊ टोप्या विणल्या. तिच्या टेबलाशेजारी काम करणारी शिरूरची सायमा तर त्यातलीच एक टोपी रोज घालून येई. "मशीनची वाटते गं," असे तिला कोणीतरी म्हणाले. ते ऐकून आल्यावर प्रगती दिवसभर खूश होती. मीही होतो. मशीनची वाटणे याहून मोठी स्तुती मला ठाऊक नव्हती.

गणपती गेल्यावर प्रगतीची आई तिच्याकडे राहायला आली. चांगुणाबाई. पाटसजवळच्या वस्तीवर त्या आणि प्रगतीचे वडील आण्णा असे दोघेच राहत. बाईंना दम लागत होता. शिरूरच्या डॉक्टरांकडे आठवड्याला जायचे होते. चांगुणाबाई धनगराच्या घरातल्या. आयुष्याची पहिली पंचवीस वर्षे त्या मेंढरांमागे चालल्या होत्या. पुढे चरायची राने उसाखाली आणि कंपाउंडांखाली गेली, आण्णांनी मेंढरे विकली आणि तेही ऊस लावू लागले.

प्रगती कामावर गेली की खोलीत त्या आणि मी. पहिल्याच दिवशी त्यांनी आमटीचे पातेले गॅसवरून उतरवले आणि थेट माझ्यावर ठेवले. शेवटच्या खुंटीला चटका बसला आणि ती वाकली.

संध्याकाळी प्रगती ओरडलीच. "आई! ते काय भांडं टेकवायची चुंबळ आहे का?"

"गोल हाय म्हणून ठिवलं. मला काय म्हाईत त्याला दात हायती."

"वाकली ना खुंटी! बघ."

चांगुणाबाईंनी मला हातात घेतले, फिरवून पाहिले आणि त्या हसल्या. "आगं, ही तर वाघर हाय."

मित्रांनो, वाघर म्हणजे मेंढरांसाठी रानात उभे केलेले जाळीचे कुंपण. गोलाकार खुंट्या रोवायच्या, त्यांना दोरखंडाची जाळी अडकवायची आणि कळप आत घालायचा. सकाळी खुंट्या उपटल्या की घर उठले. मी स्वतःला लूम समजत होतो. त्या दिवसापासून चांगुणाबाईंसाठी मी वाघर झालो.

"शिकव मला," त्या म्हणाल्या. "दिवस सरत न्हाई हितं."

प्रगतीने शिकवले. चांगुणाबाईंना लोकर नवी नव्हती. त्यांनी जन्मभर चातीवर सूत काढले होते. दोन दिवसांत त्यांना सुलट आला, तिसऱ्या दिवशी उलट. मग त्यांनी आपल्या पिशवीतून काळ्या सुताचा एक गुंडा काढला. विकण्याआधी मेंढरांची शेवटची कातरण झाली होती, त्या लोकरीचे सूत त्यांनी स्वतः काढून इतकी वर्षे ट्रंकेत जपले होते. ते खरखरीत होते. त्याला रानाचा वास होता. बाजारातल्या मऊ लोकरीची सवय झालेल्या मला ते मुळीच आवडले नाही.

त्या सावकाश विणत. ओठ हलवत मोजत. काठ झाल्यावर त्यांनी काही फेर सुलट घातले आणि मग भलतेच सुरू केले. चार टाके सुलट, दोन उलट. पुन्हा चार सुलट, दोन उलट. शेवटच्या जोडीत तर एकच उलट घातला आणि वाकलेल्या खुंटीवर सुलट. मग तीन फेर साधे आणि पुन्हा तेच. माझ्या गुळगुळीत कापडावर काळे उंचवटे उठले. बाईंचा हात चुकतोय, मला वाटले. कोणीतरी यांना थांबवावे.

मधूनच त्या आण्णांना फोन करीत आणि हळू आवाजात बोलून हसत. काय बोलत याकडे मी लक्ष दिले नाही. माझे लक्ष त्या उंचवट्यांकडे होते.

एके दिवशी प्रगती पहिल्या पाळीहून आली. चांगुणाबाईंनी चहाच्या आधी मला पुढे केले.

"बघ गं. एवढं झालंय."

प्रगतीने हात पुसले, मला खिडकीपाशी नेले आणि कामावर धरते तसे उजेडाकडे तिरके धरले. "आई, मध्ये मध्ये उलट टाके पडलेत."

"पडल्यात व्हय?"

"बरेच. थांब, दाखवते. काळ्यात काळं, तुला दिसायचे नाहीत." तिच्या पिशवीत लाल बाणांची पट्टी होती. तिने प्रत्येक उंचवट्यावर एकेक बाण लावला. एका ओळीत अकरा. अशा तीन ओळी. "धर. आता फिरव. अजून थोडं." आईच्या हातात मला धरायला लावून तिने चारही बाजूंनी फोटो काढले. चांगुणाबाई आधी जरा सावरून बसल्या. फोटो निघतोय म्हणून त्यांनी पदर नीट केला.

"ही लाल खूण कशाची?"

"चुकांची. आमच्याकडं असंच करतात. लगेच कळतं."

त्यांचा अंगठा माझ्या कडेवर होता. तो हलला नाही, एवढेच मला सांगता येईल.

प्रगतीने ते फोटो सायमाला पाठवले. सोबत लिहिले, 'आईचा पहिला पीस. ओके की रिजेक्ट?' आणि हसणारे चेहरे टाकले. मग ती आईला समजावू लागली. "वाईट वाटून घेऊ नको. पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं. उसवू आणि प्लेन करू. प्लेनच उठून दिसतं."

"उसव मग," चांगुणाबाई म्हणाल्या.

त्यांनी स्वतःच नखाने एकेक बाण काढला आणि बोळा करून बाजूला ठेवला. शेवटचा बाण बोटाला चिकटून राहिला. तो त्यांनी माझ्या बुडाला लावून टाकला, वाकलेल्या खुंटीच्या खाली. मग प्रगतीने टोक ओढले. मित्रांनो, आठ दिवसांचे काम भाकरी भाजून होण्याआधी उसवून होते. मुलगी ओढत होती आणि आई गुंडा वळत होती.

मला त्या वेळी काय वाटले ते सांगतो, कारण त्याचीच मला लाज आहे. मला बरे वाटले. माझे अंग पुन्हा एकसारखे झाले, म्हणून मला बरे वाटले.

त्यानंतर चांगुणाबाईंनी आकडी हातात घेतली नाही. "तुझा हात नीट हाय, तूच कर," असे म्हणत. दसरा झाल्यावर त्या गावी निघाल्या. गुंडा माझ्या पोटात ठेवून त्या एवढेच म्हणाल्या, "आण्णांची टोपी हाय. इसरू नको."

प्रगती विसरली नाही, पण तिने हातही लावला नाही. ओव्हरटाइम होता. मी गुंड्यासकट एका कापडी पिशवीत दाराआडच्या खिळ्याला लटकत राहिलो. नंतर त्याच पिशवीत कपड्यांचे चिमटे आले.

दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी एका सकाळी पाटसहून फोन आला. प्रगतीने हाताला लागली ती पिशवी घेतली, चिमटे ओतून टाकले, दोन साड्या कोंबल्या आणि ती निघाली. मी तळाशीच राहिलो. चौफुल्याला बस बदलताना ती पिशवी छातीशी धरून उभी होती. तिच्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "पोरी, कुनाकडं निघालीस?" ती म्हणाली, "आईकडं."

चांगुणाबाईंचा तेरावा झाला. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा ओट्यावर उन्हाला बसले होते. डोक्याला जुना रुमाल. कालव्याकडून गार वारे येत होते. प्रगती पिशवी भरत होती.

"पोरी," आण्णा म्हणाले, "कळप कुठवर आला?"

"कसला कळप, आण्णा?"

"टोपीतला. तुझ्या आईनं फोनवर सांगितलं व्हतं. म्हनली, इकलेला कळप पुन्यांदा तुमच्या डोस्क्यावरनं चालवून दावते. म्या म्हनलं, आता ह्यो कसला खेळ? तर म्हनती, दोन उलट टाकं जवळजवळ घातलं की मेंढराचा खूर उमटतोय. वल्या मातीत उमटतो तसा." ते थोडे हसले. "हिकडं आल्यावर इचारलं, तर म्हनली, पोरगी पुरी करनार हाय."

साडीची घडी प्रगतीच्या हातात अर्धीच राहिली. मी पिशवीत रिकाम्या खुंट्यांनिशी पडलो होतो. मेंढराच्या खुराला दोन नखे असतात हे मला कसे माहीत असणार, असे म्हणून मी सुटू शकलो असतो. पण चांगुणाबाई एकेक टाका ओठांनी मोजून घालत होत्या, हे तर मी पाहिले होते. चुकणारा माणूस असा मोजत नाही.

"होत आलीया, आण्णा," प्रगती म्हणाली.

ते खोटे होते. आणि त्या खोट्याने आता तिला बांधून टाकले. टोपी करायची तर आईची करायला हवी होती, आणि आईची कशी होती ते आठवत नव्हते. तिने ती पाहिलीच कुठे होती? तिने चुका पाहिल्या होत्या. कारेगावला आल्यावर तिने फोन उलटापालटा केला. जागा भरली म्हणून तिने सप्टेंबरचे सगळे फोटो पुसून टाकले होते.

रविवारी सायमा खोलीवर भेटायला आली. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर प्रगतीने जमिनीकडे बघत विचारले, "ते फोटो आहेत का गं तुझ्याकडं? आईच्या टोपीचे. मी हसून पाठवलेले."

"आहेत की."

"पुसले नाहीस?"

"मावशींचे हात होते ना त्यात. कसे पुसायचे? आणि मी लिहिलं होतं तुला, डिझाईन आहे का विचार म्हणून. तू वाचलंच नाहीस वाटतं."

प्रगतीने फोटो मोठा केला. काळ्या लोकरीवर काळा टाका फोटोत दिसत नव्हता. दिसत होते ते फक्त लाल बाण. पण बाण प्रत्येक उलट टाक्यावर नेमका होता. तिने चूक म्हणून जे जे दाखवले होते, तेवढेच आता उरले होते. ती चौकटीच्या वहीत एकेक बाण उतरवू लागली. सायमा मोजून सांगत होती. "पाच, सहा. अकरा, बारा. सतरा, अठरा." शेवटी ती थांबली. "इथं एकच आहे गं. पस्तीस. छत्तीसवर नाही."

"खालच्या ओळीत?"

"तिथंही. तिन्ही ओळींत."

प्रगतीने माझ्याकडे पाहिले. छत्तीस म्हणजे माझी वाकलेली खुंटी. तिच्या कामात एक नियम आहे. चूक एकदा झाली तर ती हाताची. त्याच जागी तीनदा झाली तर साचा तपासायचा. तिने त्या खुंटीवर उलट टाका घालून पाहिला. तो नीट बसला. दुसऱ्यांदाही बसला. मी निर्दोष ठरलो. पूर्वी मला याचा आनंद झाला असता.

"मग घाल की दोन," सायमा म्हणाली. "बाकी सगळे जोडीनं आहेत, हाच का एकटा ठेवायचा?"

प्रगतीने आकडी उचलली, खाली ठेवली. पुन्हा उचलली. छत्तीसवर घातलेला टाका तिने सोडवला. "नको. विचारायला हवं," ती म्हणाली. आणि कोणाला विचारायचे ते आठवून तिचा चेहरा बदलला. सायमा उठून चहा ठेवायला गेली.

उसवलेल्या लोकरीला जुन्या टाक्यांच्या वळ्या पडलेल्या असतात. ती सरळ व्हायला तयार नसते. प्रगतीने ती पाण्यात भिजवून सरळ केली नाही. आहे तशीच चढवली. तीन ओळी फोटोप्रमाणे झाल्या. पुढे आईचे काम नव्हते, म्हणून तिने त्याच मोजणीने कळप वरपर्यंत नेला. दर ओळीला पाच जोड्या आणि एक एकटा. पंधरा दिवस लागले. शेवटी दाभणात लोकर ओवून छत्तीसही वेढ्यांतून नेली, टाके माझ्यावरून उतरवले आणि ओढून गाठ मारली. सायमा म्हणाली, "वर गोंडा लाव." प्रगती नको म्हणाली.

संक्रांतीच्या आधी ती पाटसला गेली. मलाही नेले. का, ते मला तेव्हा कळले नाही. आण्णा त्याच ओट्यावर होते. तिने टोपी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि समोर खाली बसली.

"आण्णा, ही आईनं केलेली न्हाई. आईची मी उसवली. मला त्या चुका वाटल्या. तिच्याच हातात धरायला लावलं आन् तिच्यादेखत चुकांच्या खुणा लावल्या. तिनं काही सांगितलं न्हाई. मी इचारलंबी न्हाई." तिने मला पुढे सरकवले. "आन् त्या दिवशी मी तुमाला होत आली म्हनले, तवा ह्याच्यावर एक टाकासुदिक नव्हता."

आण्णांनी तंबाखूची पिशवी काढली आणि न उघडताच परत ठेवली. प्रगती उठली नाही.

मग त्यांनी डोळे मिटले आणि टोपीवरून अंगठा फिरवायला सुरुवात केली. एक खूर. दुसरा. तिसरा. चौथा. पाचवा. सहाव्यावर अंगठा थांबला. मागे गेला. पुन्हा तिथेच आला.

"तिथं एकच का, आण्णा?" प्रगतीने विचारले. "तिन्ही ओळीत एकच व्हता. मला म्हाईत न्हाई. तुम्ही सांगा."

"काजळी," आण्णा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "म्होरल्या पायाचं एक नख खडकात गेलं तिचं. एकच उमटायचं. कळप फुडं जायचा, ही शेवटाला. म्या म्हनायचो, इकून टाकू. तुझी आई इकू देईना. तिच्यासंगट मागनं चालत यायची." ते थांबले. "तू पोटात व्हतीस तवा. तिलाबी सावकाशच चालाया लागायचं."

प्रगतीने मान खाली घातली. आण्णांनी रुमाल सोडला आणि टोपी घातली. कानांवर नीट ओढली.

"टोचती का?" तिने विचारले.

"टोचती की. आपलीच लोकर हाय." त्यांनी मला उचलले, गोल फिरवले. वाकलेल्या खुंटीखालचा लाल बाण त्यांना दिसला. "हे काय?"

"आईनं लावलाय," प्रगती म्हणाली. "काढू का?"

"ऱ्हाऊ दे. वाघर आंगनात ठीव, उन्हात."

मी आता त्याच वस्तीवर असतो. प्रगती सुटीला आली की माझ्यावर काहीतरी विणते. तिचे टाके अजूनही एकसारखे येतात, पण विणताना मधूनच थांबते. कंपनीतून येताना ती बाणांची पट्टी पिशवीत आणत नाही. आण्णांनी तिला माफ केले का, हे मला ठाऊक नाही. ते थंडीभर टोपी घालतात, एवढे खरे.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणाच्या हातचे काहीतरी असेल. वाकडे, खरखरीत, तुम्हाला न समजणारे. ते नीट करायला घेण्याआधी, ज्याने केले त्याला एकदा विचारा, 'हे असे का केलेस?' तो माणूस समोर बसलेला असतानाच विचारा. प्रगतीला एका टाक्याचे उत्तर मिळाले. बाकीचे टाके आता कोणाला विचारणार?

चांगुणाबाईंनी तेहतिसावा बाण माझ्या बुडाला सहज लावला, की काजळीच्याच जागेखाली जाणून लावला, हे मलाही कधी कळणार नाही. त्याचे टोक माझ्याकडे आहे. तो तिथेच असू द्या.